टेल्स (पेनड्राइव्हवरून चालणारी, ओळख लपवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) ६ वरून ७ वर अपडेटच येत नाही, पर्सिस्टंट स्टोरेजमधला (पेनड्राइव्हवरच्या, फाइल्स कायम ठेवणाऱ्या एनक्रिप्टेड भागातला) डेटा न उडवता अपडेट कसं करू?

आधी एक सांगतो, नवी इमेज (टेल्सची डाउनलोड केलेली फाइल) त्याच पेनड्राइव्हवर एचरने, म्हणजे इमेज पेनड्राइव्हवर लिहिणाऱ्या अ‍ॅपने, मारू नका. पर्सिस्टंट स्टोरेज त्यावरच असतं, सगळं उडेल आणि परत मिळणार नाही.

तुमचा पेनड्राइव्ह खराब झालेला नाही. ६ आलं २०२४ मध्ये डेबियन १२ वर (डेबियन म्हणजे टेल्स ज्यावर बांधलंय ते लिनक्स) आणि ७ आलं सप्टेंबर २०२५ मध्ये डेबियन १३ वर, म्हणजे खालची सिस्टिमच बदलली, म्हणून इथे ऑटोमॅटिक अपडेट मिळत नाही, मॅन्युअलच करावं लागतं. एरवी ६ च्या ६ मध्ये ते आपोआप येतं, तेही टॉरवरून (ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवरून) उतरतं त्यामुळे हळू, आणि इन्स्टॉल होताना नेट बंद केलं जातं तेव्हा लोक घाबरून पेनड्राइव्ह उपटतात, तसं अजिबात करू नका.

आता करायचं काय, तर दुसरा किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, विंडोजवरून किंवा कुठल्याही लिनक्सवरून त्यावर टेल्स ७ ची इमेज टाका आणि लॅपटॉप त्यावरून बूट करा. मग जुना पेनड्राइव्ह लावा, टेल्स क्लोनर (टेल्समधलंच, एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर टेल्स टाकायचं अ‍ॅप) उघडा, टार्गेटमध्ये जुना निवडा. त्यावर आधीच टेल्स असल्यामुळे बटणावर इन्स्टॉलऐवजी अपग्रेड लिहिलेलं दिसेल, ते दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि पर्सिस्टंट स्टोरेज क्लोन करायचा चौकोन असेल तर त्यावर टिक नको. झालं की बंद करा, नवा काढा आणि जुन्यावरून बूट करा. ओळखीत कुणाकडे टेल्स ७ असेल तर डाउनलोडही वाचेल, त्यांच्याच पेनड्राइव्हवरून बूट करून हेच करायचं.

खरं सांगू का, मला हे बरोबर वाटत नाही. टेल्स ज्याला खरंच लागतं, म्हणजे सोर्स जपणारा पत्रकार किंवा घरच्यांच्या नजरेखाली असलेली बाई, त्यांनी एका अपडेटसाठी दुसरा पेनड्राइव्ह आणि मोबाईल डेटा कुठून आणायचा? आणि अपडेट न करता राहावं तर जुन्या टॉर ब्राउझरमधली भोकं उघडीच राहतात, म्हणजे ज्यासाठी टेल्स घेतलं तेच गेलं.

अजून एक, ७ ला ३ जीबी रॅम लागते, ६ ला २ पुरायची. लॅपटॉप जुना असेल तर नवा पेनड्राइव्ह बनवला की आधी त्यावर नीट चालतंय का बघा, मगच जुन्याला हात लावा.