एफडी मोडून ब्लॉगचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न: मी चिपळूणला राहते. वय ४३, पतसंस्थेत नोकरी, हातात १९,००० पगार. कोकणी स्वयंपाकावर मराठीत ब्लॉग लिहिते. ब्लॉगरवर, म्हणजे गुगलच्या फुकट सोयीवर, ११२ लेख झाले आहेत. महिन्याला साधारण ९,००० वेळा पानं उघडली जातात. १४ महिन्यांपासून जाहिराती आहेत, गुगलच्या जाहिरातींच्या खात्यात, म्हणजे अ‍ॅडसेन्समध्ये ४१ डॉलर जमा दिसतात. एका एजन्सीने 'प्रोफेशनल पॅकेज' सुचवलं आहे: वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवरची वेबसाइट, तीन वर्षांचं होस्टिंग (वेबसाइट ठेवायला भाड्याची जागा), डोमेन (वेबसाइटचं नाव), प्रीमियम थीम (सजावटीचा विकतचा साचा), लोगो, वर्षभराचं एसईओ टूल (गुगलच्या शोधात वर येण्यासाठीचं साधन) आणि इंग्रजी व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर. ५५,००० अधिक जीएसटी. दुसऱ्या वर्षापासून देखभाल १२,००० अधिक जीएसटी. एक लाखाची तीन वर्षांची एफडी आहे, ७ टक्क्यांची, तिलाही १४ महिने झालेत. ती मोडू का? मुलगा अकरावीत आहे. वाचक मेतकूट विकत मागतात, म्हणजे ब्लॉगमध्ये दम आहे असं वाटतं.

उत्तर: ताई, तुमचे आकडे इतके नेटके आहेत की माझं अर्धं काम तुम्हीच केलंय. पतसंस्थेत बसून रोज दुसऱ्यांची कर्जप्रकरणं बघता, हे अक्षराअक्षरातून दिसतं. आता हेच प्रकरण दुसऱ्या कुणीतरी तुमच्या टेबलावर आणलंय असं समजा.

५५,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६४,९००. तुमची जीएसटी नोंदणी नसणार, त्यामुळे हा कर परत मिळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी देखभालीचे १४,१६० प्रत्येकी. तीन वर्षांचा हिशोब ९३,२२० रुपये. महिन्याला पडतात सुमारे २,५९०.

आता आवक. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर ४१ डॉलरचे ३,६०० रुपये. चौदा महिन्यांत पानं उघडली गेली सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे हजार वेळांमागे २८-२९ रुपये. या दराने २,५९० रुपये सुटायला महिन्याला नव्वद हजार वेळा पानं उघडायला हवीत. आज नऊ हजार आहेत. दहापट. वेबसाइट देखणी झाली म्हणून वाचक दहापट झाले, असं मी अजून पाहिलेलं नाही.

आणि हे ३,६०० सुद्धा अजून पडद्यावरच आहेत. १०० डॉलर झाल्याखेरीज गुगल खात्यात पैसे टाकत नाही. आत्ताच्या वेगाने तिथे पोचायला आणखी वीस महिने लागतील. (१० डॉलर झाल्यावर पत्ता पडताळणीसाठी पोस्टाने पिनचा लिफाफा येतो. तो आला होता ना? आला नसेल तर आधी तो मागवा. पिन भरला नाही तर पैसे अडकतात.) त्याच चौदा महिन्यांत तुमच्या एफडीवर आठ हजारांच्या वर व्याज चढलं आहे, तेही एक अक्षर न लिहिता.

तेव्हा एफडी मोडू नका. मोडल्याचा दंड फार नाही. बँका चौदा महिन्यांना लागू असलेला दर देतात आणि त्यातून बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का कापतात. तुमचं हजार-दीड हजाराचं नुकसान होईल. मला काळजी वेगळी आहे. मुलगा बारावी होईल तेव्हा प्रवेश, वसतिगृहाचं डिपॉझिट, लॅपटॉप हे सगळं एकाच उन्हाळ्यात अंगावर येतं आणि ही एफडीही त्याच सुमारास पिकते. तुम्ही ती कशासाठी ठेवली हे लिहिलं नाहीत, पण तारखा पाहून मला कळलं.

आता पॅकेजमधलं एकेक बघू, कारण सगळंच टाकाऊ नाही.

डोमेन घ्याच, आणि याच महिन्यात. साधं डॉट इन किंवा डॉट कॉम नाव वर्षाला हजार-दीड हजारात मिळतं. मात्र ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने घ्या. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. २०१६ साली मी ऑफिससाठी वेबसाइट करून घेतली. करणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलं, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन वर्षांनी त्याने धंदा गुंडाळला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद ईमेलवर जात राहिल्या आणि नाव सुटलं. ते नाव छापलेली पाचशे व्हिजिटिंग कार्डं माझ्याकडे होती. त्यांच्या पाठीवर आमच्या घरी अजून वाणसामानाची यादी लिहिली जाते. लोकांना सल्ला देऊन पोट भरणाऱ्या माणसाची ही गत.

डोमेन आणि होस्टिंग घेताना मोठ्या अक्षरातला पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, खाली बारीक अक्षरात नूतनीकरणाचा असतो तो बघा. होस्टिंगमध्ये तो दुप्पट-तिप्पट सहज निघतो. परदेशी कंपनीला डॉलरमध्ये पैसे दिलेत तर कार्डाचं तीन-साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेची वाढीव आकारणी, आणि त्यावर जीएसटी असतो, तोही धरा. दरवर्षी कार्डातून आपोआप पैसे कापायला लावलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २४ तास आधी सूचना येते. ती जाहिरात समजून पुसू नका.

होस्टिंग आणि वर्डप्रेस सध्या नको. वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर मुळात फुकट आहे. पैसे लागतात ते जागेला आणि सांभाळणाऱ्याला. विकत घेतलेलं नाव ब्लॉगरला जोडता येतं, त्याला वेगळं शुल्क नाही, आणि जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्यावर पोचतो. उद्या वर्डप्रेसवर गेलात तरी नाव तेच राहील. नवा पत्ता अ‍ॅडसेन्समध्ये मात्र जोडून घ्यावा लागेल. ब्लॉगरची उणीव एवढीच की घर गुगलचं आहे. म्हणून सेटिंग्जमधून महिन्याला एकदा बॅकअप उतरवा, आणि फोटोंच्या मूळ प्रती वेगळ्या ठेवा.

प्रीमियम थीमबद्दल सांगतो. या थीम बहुतेक रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या असतात. देवनागरी टाकली की ओळी चिकटतात, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. कुणी डेमो दाखवला तर त्यात 'कुळथाचं पिठलं' आणि 'वेलदोड्याची पूड' टाकून बघा. फॉन्टला तर पैसे अजिबात देऊ नका. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, तुमच्या पाककृतींना छान शोभतील.

इंग्रजी व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर मराठी ब्लॉगच्या पॅकेजमध्ये का घातलं, हे एजन्सीला मुद्दाम विचारा. मला उत्तर ऐकायला आवडेल.

एसईओ टूल. नावाजलेली टूल्स महिन्याला शंभर डॉलरच्या वर घेतात. मराठी पाककृतींसाठी तो खर्च म्हणजे मुंगी मारायला तोफ. तुम्हाला सर्च कन्सोल पुरेसं आहे. ते गुगलचंच आहे, फुकट आहे, आणि लोक नेमकं काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते दाखवतं. तिथे बघाल की बरेच मराठी वाचक शोधताना रोमन अक्षरांत मराठी लिहितात. म्हणजे लेखात एखाद्या ठिकाणी तो शब्द रोमनमध्येही असलेला बरा.

आणखी एक गंमत. ब्लॉगरमध्ये मथळा देवनागरीत असला की लेखाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एक आकडा असा बनतो, त्यात मेतकूटही नसतं आणि आमसूलही नसतं. छापण्याआधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या रकान्यात, जाऊन रोमन अक्षरांत स्वतः पत्ता लिहा. पैसा लागत नाही, अर्धा मिनिट लागतो. जुन्या ११२ लेखांचे पत्ते मात्र बदलू नका, दुवे तुटतील.

लोगो मुलाकडून कॅन्व्हा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत करून घ्या. अकरावीतल्या मुलांना हे आपल्यापेक्षा बरं जमतं.

माझ्या हिशोबाने या वर्षीचा खर्च असा: डोमेन दीड हजारापर्यंत, मोबाइलसाठी ट्रायपॉड आणि एक बऱ्यापैकी दिवा अडीच हजार, ब्लूटूथ कीबोर्ड दीड हजार. साडेपाच हजार, पगारातून दोन-तीन महिन्यांत. दिवा घ्या म्हणतो कारण तुम्ही पाठवलेल्या दुव्यावर पावसाळ्यातले फोटो मी पाहिले. अळूचं फदफदं काळं दिसतंय. बिलं जपून ठेवा. जाहिरातीचे पैसे विवरणपत्रात व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवायचे असतात आणि त्यासाठी केलेला खर्च त्यातून वजा होतो. पतसंस्थेच्या सेवानियमांत जोडउत्पन्नाबद्दल काय लिहिलंय तेही एकदा वाचा, हवं तर लेखी परवानगी घ्या.

मेतकुटाचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत, माझ्या मते पत्रातली तीच ओळ सर्वांत महत्त्वाची. पाकिटामागे ६० रुपये सुटले आणि महिन्याला २५ पाकिटं गेली तर दीड हजार होतात. जाहिरातीतून आज महिन्याला अडीचशे मिळतात, त्याच्या सहापट, नऊ हजारांतल्या फक्त पंचवीस जणांच्या जिवावर. यासाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची छोट्या उत्पादकांची नोंदणी लागते, तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. कुरिअरचा दर आधी काढा, पाव किलोच्या पाकिटाला तोच मारतो. गौरी-गणपतीच्या आधी दहा पाकिटं पाठवून बघा आणि किती जणांनी दुसऱ्यांदा मागवलं ते लिहून ठेवा.

एजन्सीला 'वर्षभराने बोलू' असं कळवा. तोवर पानं उघडण्याचा आकडा तीस हजारांवर गेला तर होस्टिंगचा विचार आपण पुन्हा करू, आणि तेव्हा ते पैसे मेतकुटाच्या खात्यातून काढू.