घरातला चोर-अलार्म रात्री-बेरात्री उगाच वाजतो, काय करावं?

आमचं गावचं घर चिपळूणजवळ, वर्षातले दहा महिने बंद. आम्ही पुण्यात. रात्री अडीचला मोबाइल कोकलायचा: 'हॉलमध्ये हालचाल'. मग शेजारच्या अण्णांना फोन. ते बिचारे टॉर्च आणि काठी घेऊन घराभोवती फेरी मारून यायचे. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "आता खरा चोर आला तरी मी नाही हो उठायचा."

अलार्म बसवणाऱ्याचं म्हणणं एकच, सेन्सिटिव्हिटी कमी करा. एवढ्यात करू नका. आधी एका वहीत वेळ, कुठला सेन्सर वाजला, पाऊस होता का, लाइट गेली होती का, एवढं लिहा. आमच्या वहीत पंधरा दिवसांत तीन वेगवेगळे चोर सापडले.

हॉलमधला चोर म्हणजे पाल. हॉलमधला हालचाल टिपणारा सेन्सर समोरच्या उष्णतेतला बदल टिपतो. लांबच्या भिंतीवरची पाल त्याच्या खिजगणतीत नसते, पण तीच त्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या भिंगावरून चालली की त्याला माणूस आल्यासारखं वाटतं. ट्यूबलाइटजवळ किडे, म्हणून पाली, आणि आमचा सेन्सर नेमका तिथेच! तो दुसऱ्या कोपऱ्यात हलवला, मागचं वायरचं भोक सिलिकॉनने बुजवलं (त्यातून मुंग्याही शिरतात).

मागचं दार वाजायचं ते फक्त पावसाळ्यात. फणसाचं जुनं दार, ओलीने फुगतं, चौकटीत नीट बसत नाही. दाराच्या सेन्सरचे दोन भाग, दारावरचं चुंबक आणि चौकटीवरचा स्विच, ते लांब गेले की अलार्म वाजतो. त्यांच्यात आधीच फट राहते, वाऱ्याने दार जरा हललं की बोंब. सुताराने रंधा मारला, प्रश्न मिटला.

तिसरा कॅमेऱ्यावरचा कोळी. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, आणि ते जाळं चित्रात पांढरंफेक हलत राहतं. आम्ही ते दिवे बंद करून बाजूला चार फुटांवर तसाच वेगळा इन्फ्रारेड दिवा लावला. जाळी मात्र अधूनमधून झाडावी लागतातच.

एवढं झाल्यावरच सेटिंगला हात लावा. तुमच्या पॅनेलमध्ये (अलार्मच्या मुख्य डब्यात) सोय असेल तर सायरन दोन सेन्सर लागोपाठ लागले तरच वाजू दे, एकटा लागला तर नुसता मेसेज. मी आता आधी कॅमेरा बघतो, मगच अण्णांना उठवतो. गेल्या गणपतीत त्यांनी स्वतःहून विचारलं, "हल्ली फोन नाही तुझा, बंद केलंस की काय ते यंत्र?"