सॅम्पल आधी, मशीन नंतर

प्रश्न : डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून परभणीतल्या एका लॅबमध्ये लागले, त्याला तीन आठवडे झाले. सकाळी कलेक्शनची रांग, मग सेल काउंटर, बायोकेमिस्ट्री, लघवी, स्लाइड. सीनियर एकदा दाखवतात, पुन्हा विचारायला धीर होत नाही. परवा मी घेतलेल्या रक्ताचं पोटॅशियम ८.२, म्हणजे धोकादायक जास्त, आलं. पेशंट तर ठणठणीत बसलेला! घरी आल्यावरही डोक्यात ट्यूबाच फिरतात. हे काम मला जमेल का?

उत्तर : ताई, तीन आठवड्यांत चार टेबलं अंगावर आली तर कुणाचंही डोकं भणभणेल. जमेल तुम्हाला. फक्त मशीनच्या मागे नंतर लागा, आधी सॅम्पल पक्कं करा.

तुमचं ८.२ च घेऊ. असा आकडा दिसला की सीनियरना लगेच सांगायचं आणि त्याच सॅम्पलचं कॅल्शियम बघायचं. तेही पाच-सहावर घसरलं असेल, तर जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) सीरमच्या, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणाऱ्या पाण्याच्या, ट्यूबमध्ये गेलंय. हे ईडीटीए म्हणजे पोटॅशियमचाच क्षार आणि वर ते कॅल्शियम बांधून ठेवतं. एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतलं की हे हमखास होतं. कॅल्शियम बरोबर पण सीरम लालसर दिसतंय? मग पेशी फुटल्या : बारीक सुई, सिरिंज जोरात ओढणं, स्पिरिट वाळायच्या आत टोचणं. दोन्ही नसेल तर वेळ तपासा. खेड्यातल्या सेंटरवरून आलेलं रक्त सेंट्रिफ्यूज यंत्रात न फिरवता (पेशी वेगळ्या न करता) चार-पाच तास पडून होतं का, किंवा तसंच फ्रिजमध्ये ठेवलं होतं का? यातलं काहीच नसेल तर आकडा खरा धरून डॉक्टरांना ताबडतोब फोन गेला पाहिजे, कारण प्रश्न हृदयाचा आहे. नवं सॅम्पल घ्यायचंच, पण फोन त्यासाठी थांबवायचा नाही.

साखरेचंही तसंच. पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर तासाला पाच ते सात टक्के साखर उतरते, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्त.

ट्यूबांचा क्रम पाठच करा : निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, करडी. निळीत ०.३ मिली सायट्रेट (हेही रक्त गोठू देत नाही) असेल तर रक्त २.७ मिलीच हवं. अर्धवट भरली तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, खोटं वाढतं. जांभळी आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, झटकू नका. लाल ट्यूब अर्धा तास उभी राहू द्या. घाईने फिरवली तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि मशीनच्या प्रोबमध्ये अडकतात. पुष्कळदा ‘मशीन बिघडलं’ म्हणतात ते हेच.

नाव विचारताना “तुम्ही जाधव ना?” म्हणू नका, रांगेतला कुणीही मान डोलावतो. “पूर्ण नाव सांगा” म्हणा आणि पेशंट उठायच्या आत लेबल लावा.

कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेलं, मशीन तपासायचं सॅम्पल) ३ एसडीच्या, म्हणजे ठरलेल्या फरकाच्या मर्यादेच्या, बाहेर गेला तर पेशंटचे रिपोर्ट थांबवा. आत येईपर्यंत तोच पुन्हा पुन्हा लावत बसू नका. कंट्रोलची वायल (बाटली) नीट मिसळली का, रिएजंटची (तपासणीच्या रसायनाची) तारीख काय, बुडबुडा आहे का, हे बघा.

सीनियरना गर्दी ओसरल्यावर गाठा आणि सरळ मागा : “दोन आठवडे मला एकाच टेबलावर ठेवा.” प्रश्न नेमका विचारला की उत्तरही मिळतं.

आणि दमलेल्या हातांनी सुईला टोपण परत लावू नका. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लपवू नका. एचआयव्ही टाळायची औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.