दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घ्यावे का?

नवापूरकडील प्रोटेस्टंट मंडळीत बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने भुसावळच्या कॅथलिक चर्चमध्ये, मैत्रिणीच्या लग्नाच्या मिस्सात (कॅथलिक उपासनेत), प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणारा भाकर व द्राक्षारसाचा संस्कार, घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे घेऊ नये. कॅथलिकांच्या 1983 च्या विधिसंहितेतील कलम 844 नुसार मृत्यूचा धोका किंवा तितकीच गंभीर निकड असेल, स्वतःच्या मंडळीचा पाळक उपलब्ध नसेल आणि या संस्काराविषयीची कॅथलिक श्रद्धा मान्य असेल, तरच प्रोटेस्टंट व्यक्तीला तो मिळू शकतो. लग्नाचे आमंत्रण या निकडीत बसत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या एकत्रित चर्चमध्ये मात्र इतर मंडळ्यांच्या सभासदांचे सहसा स्वागत होते.

मला स्वतःला ही पंथाची अट पटत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात पत्रलेखक प्रेषित पौल रागावला आहे तो गरिबांना उपाशी ठेवून आधीच जेवून घेणाऱ्यांवर, आणि आत्मपरीक्षा त्याने भोजन घेणाऱ्यावरच सोपवली आहे. तरीही यजमानांचा नियम डावलून हात पुढे करणे शोभत नाही. छातीवर हात दुमडून रांगेत गेल्यास अनेक ठिकाणी फादर फक्त आशीर्वाद देतात; तेथे तशी पद्धत आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे.