‘लाइफटाइम फ्री’ क्रेडिट कार्डावर वार्षिक फी लागली, कस्टमर केअर टोलवते. काय करावे?

फोनवर भांडत बसू नका. फोनवरच्या माणसाच्या हातात फी परत करण्याचा अधिकार बहुधा नसतोच. लेखी तक्रार करा: बँकेच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवर स्टेटमेंटची तारीख, फी, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि ‘फ्री’ लिहिलेला एसएमएस किंवा वेलकम लेटर जोडून पाठवा. तक्रार क्रमांक मागून घ्या, पुढे सगळे त्याच्यावरच चालते.

तोवर बिल अडवून धरू नका. फक्त मिनिमम ड्यू (बिलावरची किमान रक्कम) भरले तर उरलेल्या रकमेवर व्याज चढते, नव्या खरेदीचा बिनव्याजी काळही जातो. पूर्ण भरा, फी परत झाली की रक्कम कार्डात जमा होते. थकले तर सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) बिघडतो आणि फटका तुम्हालाच बसतो.

कार्ड बंदच करायचे असेल तर रिझर्व्ह बँकेचे निर्देश तुमच्या बाजूने आहेत. विनंतीनंतर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे, नाहीतर उशिराच्या दर दिवसामागे बँकेने तुम्हाला ५०० रुपये द्यायचे असतात. अट एकच, थकबाकी शून्य हवी. इथेच लोक अडकतात: फीचे काही रुपये बाकी राहतात आणि बँक तेवढ्यावर विनंती लटकवते. विनंती ॲप किंवा ईमेलवरूनच करा. पोस्टाने अर्ज पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही, तर cms.rbi.org.in या पोर्टलवर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) तक्रार करा, तीही मोफत. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.