सुलुकुलेच्या रोमांना घरे देऊनही अन्याय कसा?

प्रश्न : इस्तंबूलमधील सुलुकुले ही रोमांची (ज्यांना ‘जिप्सी’ म्हटले जाई त्या समाजाची) वस्ती पाडताना रहिवाशांना पर्यायी घरे देऊ केली होती. तरीही या पुनर्विकासाला अन्याय का म्हणतात? आणि घर बदलल्याने समाजाची ओळख कशी धोक्यात येते?

उत्तर : घरे देऊ केली होती हे खरे, पण ती कोठे आणि कोणत्या अटींवर, हे पाहावे लागते. फातिह भागात, जुन्या तटबंदीला लागून असलेल्या या वस्तीत रोमा शतकानुशतके राहत होते, आणि अनेक कुटुंबांचे पोट घरोघरी भरणाऱ्या वादन-नृत्याच्या मैफलींवर चाले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसी कारवाईने या मैफली बंद पडल्या, वस्ती कंगाल झाली आणि पुढे त्याच दैन्याकडे बोट दाखवून ती पाडण्यायोग्य ठरवली गेली. माझ्या मते अन्यायाची सुरुवात येथे आहे.

२००५च्या ५३६६ क्रमांकाच्या कायद्याने ऐतिहासिक भागांच्या नूतनीकरणासाठी पालिकांना व्यापक अधिकार दिले. त्याच कायद्याखाली सुलुकुलेचा पुनर्विकास झाला. जुन्या घराचे ठरवलेले मूल्य आणि नव्या घराची किंमत यांतील फरक भरणे न जमल्याने अनेक मालकांनी हक्क विकले. भाडेकरूंना सुमारे ४० किलोमीटरवरील ताशोलुक येथे हप्त्यांवर सदनिका मिळाल्या. रात्री उशिरा वाजवून परतणाऱ्या वादकाला तेथे जायला वाहन नव्हते, रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला मासिक हप्ता व वीज-गॅसची बिले झेपत नव्हती, आणि अडीनडीला उधार देणारा ओळखीचा दुकानदारही नव्हता. बहुतेक कुटुंबे थोड्याच काळात सुलुकुलेशेजारच्या काराग्युमरुकमध्ये, जास्त भाड्याच्या खोल्यांत परतली.

ओळखीचा प्रश्न याला जोडूनच आहे. पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानशी झालेल्या १९२३च्या लोझान शांतता करारानुसार तुर्कस्तानात केवळ बिगरमुस्लिम समाजांना अल्पसंख्याक मानले जाते आणि तेथील बहुसंख्य रोमा मुस्लिम आहेत. त्यामुळे समाज म्हणून त्यांना कायद्यात वेगळे स्थान नाही. उलट, १९३४च्या वसाहत कायद्याने भटक्या रोमांना स्थलांतरित म्हणून स्वीकारण्यास नकार दिला होता आणि ती तरतूद २००६पर्यंत टिकली. अशा वेळी समाजाला एकत्र ठेवणारी, मुलांच्या हाती वाद्य देणारी जागा म्हणजे मोहल्लाच. पालिकेच्या कागदांत मात्र सुटे मालक आणि सुटे भाडेकरू एवढेच उरले.

रहिवाशांना त्याच जागी ठेवणारा पर्यायी आराखडा स्वयंसेवी नगररचनाकारांनी तयार केला होता. पालिकेने तो स्वीकारला नाही. २०१२मध्ये न्यायालयाने प्रकल्प रद्द ठरवला, तेव्हा जुनी वस्ती केव्हाच भुईसपाट झाली होती.