डाळीवर हात आखडू नका
वाचकांचे प्रश्न : घरखर्च आणि आहार

प्रश्न : आम्ही इचलकरंजीला राहतो. यजमान यंत्रमागावर कामाला आहेत. सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा धरून घरात पाच माणसे आहोत. किराणा, दूध आणि भाजी मिळून महिन्याला आठ हजारांच्या वर जाता येत नाही. डाळ महाग असल्यामुळे महिन्याला दीड किलो तूरडाळच आणते आणि आमटी पातळ करते. तेल 5 लिटर लागते. बिस्किटे, खारी, फरसाण आणि मुलांच्या नूडल्स यांचे मागच्या महिन्यात 950 रुपये झाले. आम्ही अंडी खातो, मटण क्वचित होते. रेशनचे धान्य मिळते. परंतु तांदळात प्लास्टिकसारखे दाणे असतात, म्हणून ते निवडून टाकते. मी सगळ्यांचे झाल्यावर जेवते, त्यामुळे माझ्यासाठी वेगळे काही लागत नाही. आणखी कुठे काटकसर करता येईल? आमच्याकडचे भाव असे आहेत : किलोला तूरडाळ 140, मसूरडाळ 90, हरभरे 80, मटकी आणि हुलगे 100 च्या आसपास, सोयावडी 120, शेंगदाणे 140, तेल लिटरला 150, दूध 60 आणि अंडे 7 रुपये.

उत्तर : ताई, तुम्ही भाव आणि हिशेब इतके नीट लिहून पाठवले आहेत, की उत्तर तुमच्याच आकड्यांतून देता येते. काटकसर तुम्ही पुरेशी करत आहात, मात्र ती नको त्या ठिकाणी होत आहे. पाच माणसांत दीड किलो डाळ म्हणजे माणशी रोज 10 ग्रॅम डाळ, आणि त्यातून मिळणारी प्रथिने जेमतेम 2 ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे 50 किलो वजनाच्या बाईला सुमारे 42 ग्रॅम प्रथिने लागतात. त्यांतील मोठा वाटा भाकरी, चपाती आणि भात यांतून येतो हे खरे. परंतु धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो डाळी व कडधान्ये भरून काढतात. म्हणून भाकरीबरोबर पातळ पाण्यासारखी आमटी असेल, तर पोट भरते, पण वाढत्या मुलांच्या अंगाला जे लागायला हवे ते लागत नाही.

आता 10 ग्रॅम प्रथिने कशातून किती रुपयांना पडतात ते पाहा. तुमच्या भावाने सोयावडीतून ती सव्वादोन ते अडीच रुपयांना, मसुरीतून पावणेचार रुपयांना, हरभऱ्यातून चार रुपयांच्या थोडी वर, शेंगदाण्यातून साडेपाच रुपयांच्या आसपास आणि तूरडाळीतून साडेसहा रुपयांना पडतात. अंड्यातून हाच खर्च अकरा रुपयांच्या जवळ आणि दुधातून अठरा-एकोणीस रुपयांपर्यंत जातो. याचा अर्थ दूध आणि अंडी बंद करावीत असा मुळीच नाही, कारण दुधाइतके कॅल्शियम डाळीत नसते आणि दोहोंतले ब-12 जीवनसत्त्व तर डाळीत मिळतच नाही. अर्थ इतकाच, की प्रथिनांचा रोजचा भार तूरडाळीने एकटीने वाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात आमटी म्हटली की तूर असे समीकरण बसून गेले आहे. प्रत्यक्षात तुमच्या भागात हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, हरभऱ्याचा झुणका आणि शेंगोळी या पदार्थांवर कष्टाची माणसे पिढ्यानपिढ्या जगली आहेत, आणि ते पदार्थ आजही तुमच्या खिशाला परवडतात.

माझी सूचना अशी आहे : तूरडाळ 2 किलो, मसूरडाळ 1 किलो, हरभरे दीड किलो, मटकी आणि हुलगे मिळून दीड किलो आणि सोयावडी अर्धा किलो. ही साडेसहा किलो कडधान्ये तुमच्या भावाने 700 रुपयांत बसतात आणि माणशी रोज 40 ग्रॅमच्या पुढे जातात. सध्या तुम्ही 210 रुपये डाळीवर घालता, म्हणजे वरचे 490 रुपये कुठून आणायचे हा प्रश्न उरतो. तेलाची शिफारस माणशी रोज 20 ते 30 ग्रॅम अशी आहे आणि तुमचे 5 लिटर त्या वरच्या टोकाला पोहोचते. साडेतीन लिटरमध्ये फोडणी आणि एखाद्या वेळचे तळण आरामात भागते आणि 225 रुपये वाचतात. बिस्किटे, खारी आणि नूडल्सचा खर्च निम्मा केला, तर आणखी 475 रुपये हाती येतात. असे 700 रुपये झाले. डाळीचे वजा जाता जे 210 रुपये उरतात, त्यांत 30 अंडी येतात, आणि ती दोन मुलांनी व तुम्ही सारखी वाटून घ्यावीत. यजमानांना आणि सासूबाईंना अंडी नकोत असे मी म्हणत नाही. पण वाढीच्या वयातील मुलांना आणि पाळी येणाऱ्या बायकांना त्यांची गरज अधिक आहे.

मुलांचा खाऊ एकदम बंद करू नका, त्याने घरात रोजचा वाद मात्र उभा राहील. त्याऐवजी भाजणी करून ठेवा : जोंधळे, थोडे गहू आणि तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मूठभर उडीद आणि धणे खरपूस भाजून गिरणीतून दळून आणले, की सकाळचे थालीपीठ दहा मिनिटांत होते. फुटाणे-गूळ, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेले मीठ लावलेले हरभरे हे संध्याकाळच्या बिस्किटांची जागा घेऊ शकतात. सोयावडी काही घरांत वासामुळे नाकारली जाते. ती गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, भरड वाटून बटाट्याच्या किंवा कोबीच्या भाजीत मिसळली, तर बहुधा कुणाची तक्रार येत नाही. आठवड्यातून दोन वेळा पुरे.

तांदळातील दाण्यांविषयी मुद्दाम लिहितो, कारण हा गैरसमज फार पसरला आहे. ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 मिसळून त्याचे पुन्हा तांदळासारखे दाणे पाडले जातात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते रेशनच्या तांदळात घातले जातात. रंगाने आणि वजनाने ते थोडे वेगळे असतात, धुताना काही पाण्यावर तरंगतात, म्हणून संशय येतो. तुम्ही जे निवडून टाकत आहात, तेच तुमच्या मुलीच्या आणि तुमच्या अंगात रक्त वाढावे म्हणून घातलेले आहे. मात्र घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना विचारून मगच तो तांदूळ द्यावा. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दर माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते आणि 2023 पासून ते मोफत आहे. म्हणजे तुमच्या घराला 25 किलो. तांदूळ भाताला आवडत नसेल, तर उडदाबरोबर भिजवून आंबोळ्या कराव्यात किंवा दळून भाकरीला वापरावा. मुले महापालिकेच्या शाळेत जात असतील, तर आठवीपर्यंत दुपारचे जेवण तिथे मिळते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी त्यात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने असावीत असे ठरलेले आहे. मुले ते खातात की डबा आहे म्हणून टाळतात, हे एकदा विचारून घ्या.

आता तुमच्या पत्रातील एका वाक्याविषयी. तुमच्यासाठी वेगळे काही लागत नाही, असे तुम्ही लिहिता, आणि मला त्या वाक्याने सर्वांत अधिक काळजी वाटली. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. भाजी संपली, आमटी तळाला गेली, मग भाकरीबरोबर चटणी आणि वर चहा, असे ज्या घरांत बाईचे जेवण होते, त्या घरांत याहून वेगळे काही घडण्याची शक्यता नाही. कृपया वाढतानाच आपल्या वाट्याची आमटी आणि उसळ वेगळ्या वाटीत काढून ठेवा, किंवा रात्री तरी सगळे एकत्र जेवायला बसा. जेवणावर लिंबू पिळा, कारण त्याने भाजी-कडधान्यांतील लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्याने ते कमी लागते, म्हणून चहा तासाभराने घ्या. राजगिरा, तांदुळजा, मेथी, शेवग्याचा पाला यांपैकी जे स्वस्त असेल ते डाळ किंवा दाण्याचा कूट घालून आठवड्यातून तीन-चारदा करा. फार दमायला होत असेल, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून साताऱ्याला राहतो. पूर्वीप्रमाणे वर्षाचे धान्य भरणे आजही फायद्याचे आहे का? मुले म्हणतात, आता कोण भरतो?

उत्तर : पैसे हाताशी असतील आणि घरात कोरडी जागा असेल, तर फायद्याचे आहे, उसने किंवा व्याजाने काढून भरायचे असेल, तर नाही, कारण भावातील फरक व्याजात जातो. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, तेव्हा गुढीपाडवा ते अक्षय तृतीया या काळात खरेदी करावी. नवी तूरडाळ आणि हरभरा त्याच्या थोडे आधी बाजारात येतात. माणशी रोज पाव किलो धान्य धरले, तर दोघांना वर्षाला पावणेदोन ते दोन क्विंटल पुरते. एक पोते शेजाऱ्यांत वाटून घेता येते, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घेतले, तर दोघांचेही भले होते.

खरी अडचण किडीची असते. धान्य कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून, पूर्ण गार झाल्यावर पत्र्याच्या कोठीत भरावे. गरम धान्य भरले, तर आत दमटपणा धरतो. वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांत घालावा, डाळींना एरंडेल चोळावे. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घरात कोणत्याही कारणाने आणू नका, त्यांतून निघणाऱ्या वायूने झोपेत माणसे दगावलेली आहेत. बाजरी वर्षाची भरली तरी चालते, पण तिचे पीठ लवकर कडू होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळून आणावे.

प्रश्न : माझे बाळ आठ महिन्यांचे आहे. सर्वजण डब्यातील तयार पावडर सुचवतात. ती आम्हाला परवडत नाही. घरचे अन्न दिल्याने बाळ मागे पडेल का? (यवतमाळ)

उत्तर : बाळ मागे पडणार नाही. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा आणि त्याबरोबर दिवसातून दोन-तीन वेळा घट्टसर खिमट द्या. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून भरड दळावी. शिजवताना चमचाभर तूप किंवा तेल घालावे आणि शिजलेला भोपळा, गाजर किंवा पालेभाजी कुस्करून मिसळावी. चमच्यावरून पाण्यासारखे ओघळणारे खिमट बाळाचे पोट भरते, पण त्याला बळ देत नाही. नाचणी मोड आणून, वाळवून, दळून, पीठ चाळून वापरावी, कारण फडक्यातून गाळून काढलेल्या सत्त्वात मुख्यतः पिष्टच उरते. वर्षाच्या आत मीठ, साखर आणि मध देऊ नये. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी अंगणवाडीतून घरी नेण्याचा पोषण आहार मिळतो. नाव नोंदवले नसेल, तर याच आठवड्यात नोंदवा आणि दर महिन्याला बाळाचे वजन तिथेच करून घ्या.

प्रश्न : मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते का? (लातूर)

उत्तर : नेहमी नाही. पाकिटावर कमाल किमतीजवळ एका ग्रॅमची किंवा किलोची किंमतही छापलेली असते, तिची तुलना करावी. डाळ, साखर, रवा सुटे घेतल्यास बहुधा स्वस्त पडतात, मात्र काट्यावर नजर ठेवावी. तेल, तिखट आणि हळद भेसळीच्या भीतीने बंद पाकिटातलीच घ्यावीत. मिरच्या आणि हळकुंडे आणून गिरणीत कुटून घेणे शक्य असेल, तर ते अधिक चांगले. दुकानात उधारीची वही असेल, तर प्रत्येक वस्तूचा भाव त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावा, कारण महिनाअखेरीस एकूण रक्कमच समोर आली, तर कोणता जिन्नस कोणत्या भावाने लागला हे तपासता येत नाही.